हॉस्टेलच्या मगात कुरुंद्याचं ऊन

सूपचं पाकीट फोडायला एक मिनिट लागतं. तसंच ‘पाकीट’ घरी तयार करायला लागतात मे महिन्यातले तीन दिवस, एक किलो कांदे आणि आईच्या डब्यातलं थोडं येसर. सुट्टीत करून बघा!

रात्रीचे साडेअकरा. मेसचं जेवण साडेआठलाच उरकलेलं. उद्या इंटर्नल आणि पोटात कावळे कोकलतायत. अशा वेळी तुमच्या रूमवर काय निघतं? फरसाण, नाही तर नूडल्स, नाही तर सूपचं पाकीट. केटलमध्ये पाणी उकळलं, पाकीट फोडलं, चमच्याने ढवळलं की झालं.

त्या पाकिटाशी आपलं काही वैर नाही. फक्त पुढच्या वेळी फोडायच्या आधी ते उलटं करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पुढे मोठ्या अक्षरांत ‘ओनियन’ लिहिलंय ना? मग मागे कांदा कितव्या नंबरवर आहे ते मोजा. मक्याचा स्टार्च, साखर, मीठ ही मंडळी त्याच्या आधी येऊन बसलीत का, तेही बघा.

आता दुसरा आकडा, सोडियमचा. त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. समजा एका कपात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ते झालं २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. आपलं फरसाण, लोणचं आणि मेसची भाजी अजून मोजायचीच आहे!

मग सरळ प्रश्न असा, की या पाकिटात असं काय आहे जे आपल्या घरी होणारच नाही? वाळलेला कांदा, दाटपणासाठी पीठ, मीठ, थोडी साखर, मसाला. बास.

पॅरिसच्या बाजारातून पाकिटात

कांद्याचं सूप हे काही मोठ्या हॉटेलवाल्यांचं खाणं नव्हे. कांदा स्वस्त, म्हणून ते गरिबाघरचं खाणं. पॅरिसमध्ये ‘ले हाल’ नावाचा मोठा बाजार होता. रात्रभर माल उतरवणारे हमाल पहाटे तिथे हे सूप प्यायचे. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास परतून तपकिरी केलेला कांदा, त्यावर रस्सा, वरून शिळ्या पावाचा तुकडा आणि चीज. शिळा पाव वाया जायचा नाही आणि थंडीत पोटाला ऊब मिळायची.

पुढे कारखाने आले. जर्मनीत क्नॉर कंपनीने १८७३ मध्ये वाळवलेल्या भाज्या आणि पिठाचं सूप विकायला काढलं. स्वित्झर्लंडच्या ज्युलियस मॅगीने १८८६ मध्ये वाटाण्याचं आणि घेवड्याचं झटपट सूप आणलं. कारखान्यात राबणाऱ्या बायकांना स्वयंपाकाला वेळ नाही, त्यांना स्वस्त आणि पोटभर काही मिळावं, ही त्यामागची कल्पना. हो, नूडल्सच्या पाकिटावरचं नाव ते हेच! अमेरिकेत १९५२ मध्ये लिप्टनचं कोरडं ओनियन सूप बाजारात आलं. लोकांनी ते पाण्यात कमी आणि आंबट क्रीममध्ये कालवून चिप्ससोबत जास्त खाल्लं.

म्हणजे आयडिया सगळीकडे एकच. आधी वाळवून ठेवायचं, वेळेला पाणी घालायचं. आता मराठवाड्यातल्या कुणालाही विचारा, ही आयडिया नवीन आहे का?

आपलं ‘इन्स्टंट’: येसर

तुम्ही मराठवाड्यातले असाल तर घरात एक डबा नक्की आठवेल. येसराचा. धान्यं, डाळी आणि मसाले वेगवेगळे खरपूस भाजायचे, एकत्र दळायचे आणि डब्यात भरून ठेवायचे. लग्नकार्य निघालं की आधी येसर होतं. पंगतीत अचानक पन्नास माणसं वाढली, तर आचारी घाबरत नाही. कांदा-लसणाची फोडणी, पाणी, त्यात कालवलेलं येसर, आणि दहा मिनिटांत आमटीला दाटपणाही येतो आणि चवही. हे कोरडं सूप मिक्स नाही तर काय आहे?

उलट त्यात एक जास्तीची सोय आहे. मक्याचा स्टार्च कच्चा असतो, तो शिजला नाही तर पिठूळ लागतो. येसर मुळातच भाजलेलं. त्यामुळे नुसतं उकळतं पाणी ओतलं तरी कच्चा वास येत नाही. ज्याच्याकडे फक्त केटल आहे, त्या हॉस्टेलवाल्याला याहून काय पाहिजे?

सुट्टीत कुरुंद्याला घरी हे सूप केलं, तेव्हा आजीने एक घोट घेतला आणि म्हणाली, “हे तर कांद्याचं येसरच की गं! सूप काहून म्हणायलीस?”

मुद्दा बरोबर होता.

हळद वाळते, मग कांदा का नाही?

कुरुंदा हे हिंगोली जिल्ह्यातलं, वसमत तालुक्यातलं गाव. वसमत म्हटलं की हळद. तिला जीआय मानांकनही मिळालंय. उन्हाळा लागला की आमच्या भागात एकच काम दिसतं. शेतात हळद शिजवायचे कुकर वाफ सोडतायत, ताडपत्र्यांवर पिवळे ढीग पसरलेत, मग पॉलिश, मग पोती, मग वसमत नाही तर हिंगोलीचा बाजार. ओल्या हळदीच्या चार-पाच क्विंटलमधून वाळलेली साधारण एक क्विंटल निघते.

आता जरा विचार करा. ओली हळद घाईघाईत विकून मोकळा झालेला शेतकरी आमच्याकडे क्वचितच दिसेल. शिजवली, वाळवली की ती थांबू शकते. भाव पडला तर पोती ठेवून देता येतात. कांद्याचं मात्र उलटं. तो ओलाच विकायचा, त्या दिवशी जो भाव निघेल त्याला. चाळीत ठेवला तरी काही सडतो, काहीला कोंब फुटतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. किलोला एक रुपया भाव मिळाला. गाडीभाडं, हमाली, तोलाई कापून हातात चेक आला दोन रुपयांचा. पाचशे बारा किलोंचे दोन रुपये!

ज्या अंगणात हळद वाळते, त्याच अंगणात तेच ऊन पडतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा कोरडी ठणठणीत. कुरडया, सांडगे, पापड वाळवणाऱ्या घराला कांदा वाळवणं अवघड जाईल का?

वाळवायचं कसं?

कांद्यात साधारण ८६ ते ८९ टक्के पाणी असतं. म्हणून १ किलो कांद्याचे वाळून शंभरेक ग्रॅमच काप उरतात. ढीग बघून घाबरू नका, तो बसतो.

१. कांदे सोलून दोन्ही टोकं काढा. सडका, कोंब फुटलेला भाग टाकून द्या. आधी धुवा, मग चिरा. चिरल्यावर पाण्यात बुडवू नका, चव निघून जाते.

२. काप तीन-चार मिलिमीटरचे आणि सगळे सारखे करा. एक जाड, एक पातळ झाला तर पातळ वाळेपर्यंत जाड ओलाच राहतो आणि तोच पुढे बुरशी धरतो.

३. शिजवू किंवा उकडू नका. कांदा कापला की त्यातलं एक एन्झाइम कामाला लागतं. डोळ्यांत पाणी आणणारा झणकाही त्यातूनच येतो आणि कांद्याची चवही. आधीच उकळलं तर ते एन्झाइम मरतं.

४. स्वच्छ सुती कापडावर एकेरी थर पसरा. वरून जुनी पातळ ओढणी नाही तर मच्छरदाणीचा तुकडा टाका. गच्चीवर दोन-तीन दिवस कडक ऊन द्या. संध्याकाळी आत घ्या, रात्रीच्या हवेत काप पुन्हा ओलसर होतात.

५. काप वाकवला की कट्कन मोडला पाहिजे. नुसता वाकत असेल तर अजून एक दिवस ऊन द्या. इथे घाई केली तर सगळी मेहनत वाया.

लाल कांदा वाळला की तांबूस-तपकिरी दिसतो. कारखान्यांना पांढरा कांदा आवडतो, कारण त्याचा रंग उजळ राहतो. आपल्याला तपकिरी सूपच करायचंय, त्यामुळे लाल कांदा चालेल.

मिक्स: दहा मगांसाठी

साहित्य: वाळलेला कांदा १०० ग्रॅम, येसर ५ मोठे चमचे, मीठ २ लहान चमचे, साखर २ लहान चमचे, काळ्या मिरीची पूड १ लहान चमचा, सुंठ अर्धा लहान चमचा. येसर नसेल तर खरपूस भाजलेलं ज्वारीचं पीठ ५ मोठे चमचे आणि जिरेपूड १ लहान चमचा.

कृती: अर्धा कांदा कोरड्या तव्यावर मंद आचेवर बदामी करा. सूपची खरी चव या भाजण्यात आहे. पॅरिसवाले पाऊण तास परततात, आपण पाणी आधीच उन्हाला दिलंय, म्हणून आपल्याला काही मिनिटंच लागतात. पण तव्यापासून हलू नका. वाळलेला कांदा बघता बघता जळतो आणि जळला की कडू. गार झाल्यावर तो भरड वाटा. उरलेला अर्धा कांदा हाताने चुरा. बाकी सगळं मिसळा आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा.

केटल असेल तर: मगात तीन मोठे चमचे मिक्स, आधी थोडं गार पाणी घालून गुठळ्या मोडा. मग उकळतं पाणी ओता, ढवळा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. मिक्स केटलमध्ये टाकू नका, तळाला चिकटून करपतं.

गॅस असेल तर: तेच मिश्रण भांड्यात सहा-सात मिनिटं मंद उकळा. लोण्याचा तुकडा टाकला तर अजून भारी.

वरून काय? चीज क्यूब असेल तर किसा. नसेल तर गावाकडून आणलेली कडक भाकरी मोडून टाका. पॅरिसचे हमाल शिळा पाव टाकायचे, आपण भाकरी.

बरणीत नेहमी कोरडा चमचा. वाळलेला कांदा हवेतला ओलावा झटकन ओढतो, त्यामुळे पावसाळ्यात एक मोठी बरणी उघडत बसण्यापेक्षा चार छोट्या भरा. दोन-तीन महिन्यांत संपवा. गोळे झाले, वास बदलला तर सरळ फेकून द्या.

हिशेब? कांदा २० रुपये किलो धरला तर एका मगात २ रुपयांचा कांदा जातो. मीठ तुमच्या हातात, साधारण एक ग्रॅमच्या आसपास. येसरात मीठ असेल तर वरचं कमी करा.

मगाच्या पलीकडे

हे फक्त रूमवरच्या भुकेपुरतं नाही. कांदा वाळवून विकणं हा महाराष्ट्रात मोठा धंदा आहे. जळगावची जैन कंपनी वाळवलेला कांदा परदेशात पाठवते. आणि तुमच्यासारख्याच कॉलेजच्या पोरांनी केलेलं एक काम तर जगभर गाजलं. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत शिकलेल्या वैभव तिडके आणि मित्रांनी उन्हावर चालणारं वाळवणयंत्र बनवलं. त्यांच्या ‘एस फोर एस टेक्नॉलॉजीज’मध्ये गावातल्या बायका शेताजवळच कांदा, टोमॅटो, आलं वाळवतात आणि तो माल खाद्यकंपन्यांकडे जातो. २०२३ मध्ये त्यांना ‘अर्थशॉट’ पुरस्कार मिळाला, कचरामुक्त जगासाठीच्या गटात.

तुम्हालाही घरचा, बचत गटाचा असा छोटा उद्योग करायचा असेल, तर प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान आहे, १० लाखांच्या मर्यादेत. विकायचं असेल तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. तालुका कृषी कार्यालयात विचारा, कृषीच्या मित्राला सोबत घ्या.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलू. आपल्याकडे वाळवण म्हटलं की ते आई, आजी, काकूचं काम. भर उन्हात गच्चीवर चढायचं त्यांनी आणि बरणी हॉस्टेलला न्यायची आपण. ती बरणी घेताना कधी विचारलंय, किती तास लागले म्हणून? या मे महिन्यात जरा उलटं करा. किलोभर कांदे तुम्ही चिरा. मुलांनो, तुम्हीसुद्धा! डोळे पुसत पुसत कापडावर पसरा, संध्याकाळी आठवणीने आत घ्या. आईला फक्त येसराचं प्रमाण विचारा, ते तिच्याइतकं कुणालाच जमत नाही. आणि पहिला मग तिला द्या. रूममेट्सचा नंबर जूनमध्ये.