फार्महाऊसच्या तरणतलावासाठी स्वयंचलित सफाईयंत्राची निवड
मुरबाड तालुक्यातील धसई आणि लगतच्या शहापूरच्या पट्ट्यात फार्महाऊसच्या तरणतलावात पावसाळ्यात मातीचा बारीक गाळ, तर पानगळीत सागाची पाने साचत असल्याने, सफाईयंत्र निवडताना किमतीआधी कचऱ्याचे स्वरूप पाहणे इष्ट ठरते.

अशी यंत्रे मुख्यतः तीन प्रकारची असतात. शोषण प्रकारचे यंत्र तलावाच्याच पंपाच्या ओढीवर चालून गाळ तलावाच्या फिल्टरकडे पाठवते. ते तुलनेने स्वस्त असले, तरी सागाचे एकच रुंद पान त्याचे तोंड बंद करू शकते. दाब प्रकारात पंपाकडून परतणाऱ्या पाण्याच्या जोराने कचरा यंत्राच्या पिशवीत ढकलला जातो, म्हणून ते पानांसाठी सोयीचे, मात्र पिशवीच्या जाळीतून निसटणाऱ्या बारीक मातीसाठी अपुरे असते. रोबोटिक यंत्राला, म्हणजे स्वतःची मोटर, ब्रश आणि गाळणी असलेल्या यंत्राला, पंपाची गरज नसते. बारीक गाळणी बसवल्यास ते मातीही टिपते. त्याचा ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा दाब साधारण २४ ते ३० व्होल्टपर्यंत उतरवतो व तो पाण्यापासून दूर, कोरड्या जागी ठेवावा लागतो. वीज वारंवार जात असल्यास बॅटरीवरील यंत्र, तर गुळगुळीत फरशीच्या भिंतींसाठी पकड देणारे मऊ फोमचे ब्रश योग्य ठरतात.

कोणतेही यंत्र पाणी निर्जंतुक करत नाही. त्यासाठी क्लोरीन नियमित घालून पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता-अल्कता दर्शवणारा अंक, ७.२ ते ७.८ दरम्यान राखावाच लागतो.