उजवी सोंड, डावा हात

मी जन्माचा डावखुरा. शाळेत छड्या खाऊन उजव्या हाताने लिहायला शिकलो. त्याच वयात जयंत नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा हाती पडली. आरशातल्यासारखे डावे-उजवे पालटलेला त्यातला क्रिकेटपटू मला सख्खा भाऊच वाटला!

कथेतली मोबियस पट्टी मी कागदाची केली. अर्धा पीळ दिला, टोके चिकटवली. पेन्सिल न उचलता ओढलेली रेघ सगळीकडून फिरून मूळ जागी आली. बाबांना दाखवली.

“याची सुलट बाजू कुठली रे?”

“एकच बाजू आहे, बाबा.”

ते बराच वेळ पट्टी बोटांत फिरवत बसले. त्यानंतर घरात मी डाव्या हाताने लिहू लागलो. कोणी हटकले नाही.

पुढे कळले, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरेच उलटी फिरवली आणि नाव लपवून पहिले बक्षीस मिळवले.

२० मे २०२५ रोजी ते गेले. त्या संध्याकाळी नातीला कागदाची पट्टी कापून दिली. तिने पेन्सिल उचलली, डाव्या हाताने.