एकाच ड्राफ्टमधले दोन क्वार्टरबॅक: एक सुपर बोल जिंकला, दुसरा तुरुंगात गेला. फरक कुठे पडला?

एप्रिल १९९८. अमेरिकेत एनएफएलचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा ड्राफ्ट होता. कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंना संघ क्रमाने निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्या वर्षी चर्चा दोघांचीच होती: पेटन मॅनिंग आणि रायन लीफ. दोघेही क्वार्टरबॅक. कुणाला आधी घ्यायचं, यावर जाणकारांमध्ये उघड मतभेद होते. लीफचा हात जास्त ताकदवान आहे, असं अनेकांचं म्हणणं होतं.

इंडियानापोलिस कोल्ट्सने पहिल्या क्रमांकावर मॅनिंगला घेतलं. लीफ हातचा जाऊ नये म्हणून सॅन डिएगो चार्जर्सने दुसरा क्रमांक मिळवला. त्यासाठी पहिल्या फेरीच्या दोन निवडी, दुसऱ्या फेरीची एक आणि वर दोन खेळाडू देऊन टाकले.

पुढे मॅनिंगने ५ वेळा लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला आणि दोन वेगवेगळ्या संघांकडून सुपर बोल जिंकला. लीफने २५ सामन्यांत १४ टचडाउन पास दिले, ३६ पास प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिले आणि वयाच्या २६ व्या वर्षी निवृत्ती घेतली.

असं का झालं?

आधी क्वार्टरबॅक म्हणजे काय ते बघू

मैदानावर एका संघाचे ११ खेळाडू असतात. बॉल हातात आला की पुढे काय करायचं, हे क्वार्टरबॅक ठरवतो. कोचचा आवाज त्याच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर येतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. त्यानंतर सगळं त्याच्यावर. समोरच्या संघाची मांडणी बघायची, गरज वाटली तर ठरलेला डाव ओरडून बदलायचा आणि अंगावर धावून येणाऱ्यांना चुकवत साधारण तीन सेकंदांत बॉल फेकायचा.

क्रिकेटमध्ये कॅप्टन शून्यावर आउट झाला तरी बाकीचे दहा जण मॅच काढू शकतात. इथे तशी सोय कमी. जवळपास प्रत्येक डाव याच्या हातातून जातो, म्हणून त्याचा स्वभाव आख्ख्या संघाला लागतो.

मग खरी परीक्षा कधी झाली?

अपयश आलं तेव्हा. आणि गंमत म्हणजे अपयश दोघांनाही आलं.

मॅनिंगने पहिल्या मोसमात २८ इंटरसेप्शन फेकले. नवख्या खेळाडूचा तो नकोसा विक्रम आहे. कोल्ट्स १६ पैकी १३ सामने हरले. पण मॅनिंग प्रत्येक सामना खेळला. जुन्या सामन्यांचे व्हिडिओ तासन् तास बघून तयारी करणारा म्हणून तो ओळखला जायचा. पुढच्याच वर्षी त्याच संघाने १३ सामने जिंकले.

लीफची सुरुवात तर चांगली होती. पहिले दोन्ही सामने चार्जर्सने जिंकले. तिसऱ्या सामन्यात कॅन्सस सिटीविरुद्ध त्याचे १५ पैकी फक्त १ पास पूर्ण झाला, तोही ४ यार्डांचा. नंतर ड्रेसिंग रूममध्ये तो एका पत्रकारावर खेकसला. कॅमेरा चालू होता, सगळ्या देशाने ते पाहिलं. मग त्याने कागदावरून माफी वाचून दाखवली आणि तो कागद चुरगाळून फेकून दिला.

खराब सामना कुणाचाही होतो. पण आपली चूक क्वार्टरबॅक कशी पचवतो, हे उरलेले दहा जण बघत असतात. तो सावरला तर ते सावरतात. तो चिडून दुसऱ्याकडे बोट दाखवायला लागला, तर त्याच्यासाठी अंगावर मार झेलायला कोण उभं राहणार?

मग लीडर म्हणजे शांत माणूसच का?

तसंही नाही. टॉम ब्रेडी मैदानाच्या कडेला सहकाऱ्यांवर ओरडायचा, आणि त्याच्याकडे ७ सुपर बोल आहेत. दुसरं टोक म्हणजे जो मोंटाना. जानेवारी १९८९ च्या सुपर बोलमध्ये त्याचा संघ ३ गुणांनी मागे होता. साधारण तीन मिनिटं उरलेली आणि ९२ यार्ड जायचे होते. सगळे टेन्शनमध्ये. मोंटानाने एका सहकाऱ्याला प्रेक्षकांत बसलेला विनोदी अभिनेता जॉन कँडी दाखवला. वातावरण हलकं झालं आणि संघ २०-१६ असा जिंकला.

म्हणजे स्वभावाचा एकच साचा नाही. आपल्या माणसांना या क्षणी काय हवंय हे ओळखणं आणि स्वतःची चूक स्वतःच्या नावावर घेणं, हे मात्र दिसतं.

हे आधी ओळखता येत नाही का?

संघ प्रयत्न खूप करतात. मुलाखती घेतात, वर्षानुवर्षं वंडरलिक नावाची बुद्धिमत्ता चाचणीही घ्यायचे. बाहेर आलेल्या बातम्यांनुसार त्यात मॅनिंगला २८ आणि लीफला २७ गुण होते. एका गुणाचा फरक!

गोष्ट इथं संपत नाही

लीफला ‘ड्राफ्टमधली सगळ्यात मोठी चूक’ म्हणून अनेक वर्षं हसलं गेलं. पुढे तो वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनात अडकला, त्यापायी चोऱ्या केल्या आणि २०१४ च्या अखेरीपर्यंत तुरुंगात होता. बाहेर आल्यावर त्याने व्यसनमुक्तीचं काम हाती घेतलं. आज तो आपल्या चुका लोकांसमोर स्वतः सांगतो, आणि मदत मागायला लाजू नका, असंही सांगतो.

वयाच्या बाविसाव्या वर्षी कोट्यवधी डॉलर हातात देऊन त्याच्याकडून नेतृत्वाची अपेक्षा ठेवली गेली. चूक पचवायला तो शिकला, पण खेळ सुटल्यानंतर. म्हणजे हा गुण शिकता येतो. शिकायला वेळ आणि सोबतीला माणसं मात्र लागतात.