श्रावणातला पुरावा

पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणच्या कोंडीत अडकलेल्या माणसाला आपण एका जुन्या माळावर उभे आहोत, हे सांगूनही पटणार नाही. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, पिंपरी-चिंचवडला कारखाने आले आणि पुढे ती रांग चाकणपर्यंत पोचली. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना इथे सुरू झाला. कारखान्याला जमीन लागते, तशी खडीही लागते. ती सह्याद्रीच्या काळ्या कातळातून निघते. मोशीच्या दगडखाणींनी पिंपरी-चिंचवड शहराचे पाये भरले आहेत.

खाण येण्याआधी माळाचे फोटो काढून ठेवावेत, ही कल्पना चांगली. पण फोटो कधी काढायचे? मे महिन्यात कॅमेऱ्यात मुरूम, वाळलेली कुसळी आणि धूळ एवढंच येतं. सातबाऱ्यावर पोटखराबा, सरकारी नकाशात पडीक. असा फोटो त्या नोंदींवर शिक्काच मारतो. खाणीच्या बाजूचा माणूस तो आनंदाने प्रस्तावाला जोडेल.

माळ जगतो पावसात. कातळाच्या फटीत खर्चुडी फुलते, मारवेल गवत गुडघ्यापर्यंत येतं, धनगरांच्या मेंढ्यांना चारा मिळतो. चाकणच्या पुढे, जुन्नरजवळच्या डोंगरावर सापडलेल्या शिंदळ माकुडी या वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेलने १८६५ साली प्रसिद्ध केलं. ती उघड्या कड्यांवर वाढते आणि पावसाळ्यात फुलते. खाणीच्या मंजुरीआधी होणाऱ्या पर्यावरणीय अभ्यासाच्या प्रचलित अटींमध्ये मात्र पायाभूत माहितीसाठी पावसाळा सोडून एखादा ऋतू चालतो. हवेतली धूळ मोजायला ते ठीक असेलही. वनस्पतींच्या बाबतीत ही झोपलेल्या घराची शिरगणती झाली.

‘इथे पूर्वी जंगल होतं, ते तुटून माळ झाला’ हा समजही खाणीच्या पथ्यावर पडतो. जे आधीच बिघडलंय, त्याचं काय जपायचं! दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी वाङ्मय चाळून २०२५ साली उलट चित्र मांडलं. त्यांना सापडलेल्या ४४ रानवनस्पतींपैकी सुमारे दोन-तृतीयांश माळरानाच्या निघाल्या. म्हणजे कॅमेरा येण्याच्या कितीतरी आधीच्या नोंदी आपल्याच पोथ्यांत होत्या.

फोटोने काय साधतं, याची जगात दोन टोकं आहेत. छायाचित्रकार एलियट पोर्टरचं अमेरिकेतल्या ग्लेन कॅन्यन या दरीवरचं पुस्तक १९६३ साली आलं, त्याच वर्षी तिथल्या धरणाचे दरवाजे बंद झाले आणि दरी बुडू लागली. ते पुस्तक मृत्युलेखच ठरलं. टास्मानियात पीटर डोम्ब्रोव्स्कीसने टिपलेलं फ्रँकलिन नदीचं छायाचित्र १९८३च्या निवडणूक प्रचारात वृत्तपत्रांत छापलं गेलं आणि त्याच वर्षी तिथलं धरण थांबलं. फरक कलेचा नव्हता, वेळेचा होता.

आपल्याकडे तर देखण्या फोटोपेक्षा कंटाळवाणा फोटो जास्त कामाचा, असं माझं मत. त्याच दगडावर उभं राहून, त्याच दिशेला, तारीख आणि अक्षांश-रेखांशासह, उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि थंडीत. एखादा मेंढपाळ चौकटीत आला तर त्याला विचारून राहू द्यावा. जमीन वापरात आहे, हे त्यातूनच दिसतं. हे फोटो मांडायची जागा म्हणजे जनसुनावणी. छोट्या खाणींना बहुधा ती नसतेच. जिथे असते, तिथे नोटिशीनंतर लोकांना किमान तीस दिवस मिळतात. नोटीस फाल्गुनात निघाली, तर गेल्या श्रावणातले फोटो आधीच हाताशी असावे लागतात.