कुट्टी मशीनची पुली बदलताय? आधी हिशेब करा, मग पुलर लावा

सोलापूर : ज्वारीची काढणी उरकली, कडब्याच्या गंजी लागल्या की कुट्टी मशीनची आठवण होते. नवी पेठेत कपडालत्ता घ्यायला आलेल्या माणसाच्या पिशवीतही मग एखादी काळी, तेलकट पुली असते. दुकानदाराला सांगणं एकच, "मशीन हळू चालतंय, याच्यापेक्षा इंचभर मोठी द्या." दुकानदार देतो. पण त्या एका इंचाने काय होतं, हे दोघांपैकी कुणीच बोलत नाही.

हिशेब सोपा आहे. शेतात वापरली जाणारी साधी मोटर मिनिटाला साधारण 1440 फेरे घेते. मोटरवर 3 इंची आणि मशीनवर 12 इंची पुली असेल, तर मशीनचं चाक 360 फेरे फिरतं. मोटरवर 4 इंची पुली चढवली की तेच चाक 480 फेरे घेतं, म्हणजे वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. चाकावर बाहेर फेकणारा ताण मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो, तो जवळजवळ पावणेदोन पट होतो. ज्या चाकावर पाती नटबोल्टने आवळलेली आहेत, त्याच्यासाठी ही गंमत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात कडबा कापायची यंत्रं बनवायला घेतली, ती हाताने फिरवायची होती. माणूस दमला की चाक थांबायचं. मोटर दमत नाही. हाताच्या जुन्या मशीनला मोटर जोडणाऱ्यांनी हे विसरू नये.

आणखी एक गैरसमज. मोठी पुली लावली की कुट्टी बारीक पडेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. कडबा आत ओढणारे रोलर त्याच चाकाच्या दांड्यावरून गिअरने फिरतात. चाक जोरात फिरलं की कडबाही तितक्याच जोरात आत जातो. बारीक हवी असेल तर गिअर बदला, पात्याला धार लावा. पुलीने फक्त काम लवकर उरकतं आणि मोटर तापते.

पट्ट्यावरच्या पाण्याच्या पंपाचं गणित तर याहून कडक. पंपाला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. तिसऱ्या हिश्श्याने वेग वाढवला तर ताकद दुपटीहून जास्त लागते. 3 एचपीची मोटर 7 एचपीचं काम किती दिवस करणार?

परदेशात गाड्यांचे शौकीन हाच खेळ इंजिनावर करतात. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप, तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. तिथली पुली काढून लहान बसवली की तो जोरात फिरतो, गाडीची ताकद वाढते आणि उष्णताही. तिथे पुली दांड्यावर दाबून बसवलेली असते, म्हणून खास पुलर लागतो. आपल्याकडच्या गाड्यांत बहुधा टर्बो असतो. तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो, त्याला पुलीच नाही. पण पुली काढायची रीत सगळीकडे तीच.

आता काढण्याचं. पहिलं काम, लाइट बंद. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. पंपाला ऑटो बसवलेला असतो, लाइट आली की मोटर आपोआप फिरते, आणि ग्रामीण भागात लाइट कधी येईल ते कुणी सांगावं. फ्यूज काढून खिशात ठेवावेत. कुट्टीचा प्लग असेल तर तो उपसून लांब टाकावा.

मोटरचे पायाचे बोल्ट सैल करून मोटर पुढे सरकवा, पट्टा आपसूक निघतो. टॉमी घालून पट्टा उपसला तर पट्ट्याच्या आतला दोरा तुटतो आणि पुलीचा काठ उडतो. मग पुलीच्या गळ्यावरचा ग्रब स्क्रू काढा. पुष्कळदा त्याच्याखाली दुसरा स्क्रू दडलेला असतो. तो न काढता जोर लावणारे तासभर घाम गाळतात.

पुली गंजून बसली असेल तर रात्रभर डिझेल सोडून ठेवा. सकाळी तीन पायाचा पुलर लावा, पाय मधल्या गळ्याला अडकवा, काठाला नाही. पुली बिडाची असते, काठाला ओढ बसली की चिरते. हातोड्याने ठोकणं सगळ्यात महागात पडतं. पुली शंभर-दोनशेची वाचवायला जातो आणि तो मार दांड्यावरून थेट बेअरिंगला बसतो. गाडीच्या क्रँकच्या पुलीत तर पुष्कळदा रबर असतो, तिला काठाने ओढलं की रबर सुटतो.

नवी घेताना जुनी बरोबर न्याच, पण मापही लिहून घ्या: भोक, चावीची खाच, खोबणीची रुंदी. 2 एचपी मोटरचा दांडा बहुधा 24 मिमी, 3 एचपीचा 28 मिमी असतो. भोक जरा मोठं आलं म्हणून पत्र्याची पट्टी घालून बसवायची सवय सोडावी. पुली डुलते आणि खाच खाऊन टाकते. पट्ट्याचं ए माप वरून 13 मिमी, बी 17 मिमी. 3 इंची पुलीवर बी पट्टा फार वाकतो, लवकर चिरतो. पट्टा खोबणीच्या बाजूंना धरतो, तळाला टेकत नाही. जुन्या पुलीचा तळ चकचकीत दिसला तर ती झिजली, तिच्यात नवा पट्टा घालणं फुकट.

बसवताना दांडा पॉलिश पेपरने पुसा, तेलाचा हात द्या, चावी बसवा. मग दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून दोरी ताणून धरा, ती चारही ठिकाणी टेकली पाहिजे. दोन पुल्यांत मीटरभर अंतर असेल तर मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण दीड सेंटिमीटर दबावा. फार आवळला तर बेअरिंग जातं, सैल राहिला तर घसरून जळतो. नवा पट्टा पहिल्या दोन-तीन तासांत ताणतो, तेव्हा पुन्हा एकदा फ्यूज काढून आवळायचा. आणि काढलेली जाळी पुन्हा लावल्याशिवाय लाइट जोडू नये, मग कडब्याची कितीही घाई असो.