मिठाचा करार

आमच्या घरी मीठ कोणाच्या हातावर देत नाहीत. आजी म्हणायची, "हातावर मीठ दिलं की भांडण होतं. वाटीत घालून खाली ठेव." मिरजेजवळच्या आमच्या खेड्यात ही समजूत घरोघर आहे. कॉलेजात आल्यावर मी ती अडाणीपणाच्या खात्यात जमा करून मोकळा झालो होतो.

गेल्या वर्षी पुण्यास रास्ता पेठेत आत्याकडे राहावयास गेलो असता शेजारच्या बेने इस्रायल कुटुंबाने मला शुक्रवारी सायंकाळी जेवावयास बोलावले. हे लोक ज्यू धर्माचे. पण घरात बोलणे आपल्यासारखेच मराठी. मूळचे कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले. तेथे तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पेणकर, दिवेकर, नवगावकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडली. 1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. येथे थोडी उरली.

दिवे लागले, मनुकांच्या सरबतावर प्रार्थना झाली. मग घरातल्या आजोबांनी पाव मोडला, मिठात टेकवला आणि प्रत्येकापुढे एकेक तुकडा ठेवला. मी हात पुढे केला होता. पण त्यांनी तुकडा ताटातच ठेवला. हातात भाकर फक्त सुतक असलेल्याला देतात, असे ते म्हणाले. मला आजी आठवली.

पावाला मीठ कशासाठी, असे मी विचारले. त्यांनी सांगितले ते असे. तोरातील 'लेवीय' या ग्रंथात प्रत्येक अर्पणाबरोबर मीठ असलेच पाहिजे, अशी आज्ञा आहे. त्याच ठिकाणी खमीर आणि मध वेदीवर जाळण्यास मनाई आहे. का, याचा एक उलगडा असा करतात की, खमिराने पदार्थ आंबतो, बदलतो. मीठ स्वतः नासत नाही आणि दुसऱ्यालाही नासू देत नाही. म्हणूनच कधीही न मोडणाऱ्या वचनाला त्यांच्या शास्त्रात 'मिठाचा करार' म्हटले आहे. इ. स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले, वेदी गेली. तेव्हा धर्मज्ञांनी सांगितले की, आता घरातले जेवणाचे मेजच वेदी समजा. वेदीवरचे मीठ असे घरात आले.

या मिठाची आणखी दोन रूपे आहेत. रक्त म्हणजे प्राण, ते खाणे निषिद्ध. म्हणून मांस अर्धा तास पाण्यात, मग तासभर मिठात ठेवून तीनदा धुतात. आणि वल्हांडणाच्या रात्री हिरवा पाला मिठाच्या पाण्यात बुडवून खातात. ते पाणी म्हणजे मिसर देशातल्या गुलामगिरीतील अश्रू. या रात्रीची पोथी 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली होती. म्हणजे ते अश्रू मराठीतही वाचले गेले आहेत.

आपल्या सातारा-सांगलीस समुद्र नाही. पूर्वी मीठ कोकणातून बैलांच्या पाठीवर कुंभार्लीसारख्या घाटांनी वर येई. इतक्या कष्टाने आलेल्या वस्तूभोवती अर्थ गोळा झाले तर नवल काय! ताटात मीठ आधी वाढतात, मीठमोहरीने दृष्ट काढतात आणि खाल्ल्या मिठाला जागतात. करार हा शब्द आपण वापरला नाही, एवढेच.

हे लिहिण्याचे खरे कारण घरातले आहे. तीन वर्षांपूर्वी वडील आणि काका यांची वाटणी झाली. अंगणात भिंत आली. "त्यांच्या घरचं मीठ खाणार नाही," असे वडील म्हणाले, आणि आम्हीही ते पाळले. पण ज्या चुलीवरचे मीठ दोघांनी चाळीस वर्षे खाल्ले, त्याचे काय? नवे मीठ न खाण्याने जुन्याचा करार मोडतो का?

दिवाळीच्या सुट्टीत मी भिंतीला वळसा घालून काकांकडे गेलो. काकूने ताट घेतले आणि काही न बोलता आधी मीठ वाढले. मी पोटभर जेवलो. घरी येऊन वडिलांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमटीत मीठ बरोबर होतं का? ती नेहमी कमी घालते."

भिंत अजून आहे. पण एवढे विचारले गेले, हे मला थोडे वाटत नाही.