‘मंडळी’, ‘वडील’ आणि ‘शब्बाथशाळा’

प्रेस्बिटेरियन परंपरेतील मराठी ख्रिस्ती समाज ‘चर्च’ या अर्थी ‘मंडळी’ हा शब्द योजतो. ग्रीक ‘एक्लेसिया’चा मूळ अर्थ सभा, ‘मंडळी’ म्हणजेही एकत्र जमलेली माणसे, इमारत नव्हे. पंथनाम ज्यावरून सिद्ध झाले तो ग्रीक ‘प्रेस्बुतेरोस’ हा शब्द तरभावाचे रूप असून त्याचा अर्थ ‘अधिक वयाचा’ असा आहे. त्यासाठी रूढ झालेला ‘वडील’ हा शब्दही ‘वडील भाऊ’ या प्रयोगात तीच तुलना दर्शवितो. ‘शब्बाथशाळा’ या समासाचे पूर्वपद हिब्रू व उत्तरपद संस्कृत. मूळ शब्बाथ शनिवारचा; ही शाळा मात्र रविवारी भरते.

परंतु शाळा वयानुसार वर्ग पाडते व अक्षरज्ञान गृहीत धरते. निरक्षर वृद्ध तीबाहेर राहिल्यास ‘मंडळी’ हे नाव अपुरेच ठरते. यावरील उपाय मराठीत पूर्वीपासून होता. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे ज्यांचे जन्मस्थान मानले जाते, त्या नामदेवांच्या वारकरी परंपरेत एकाने चरण म्हणावा व टाळकऱ्यांनी तो उचलावा, अशी रीत आहे. तीत आजोबा व नातू एकत्रच शिकतात. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती पदांसाठी अभंग-ओवीची घडण स्वीकारली. टिळक काँग्रिगेशनल मिशनचे. तथापि त्यांची पदे पंथभेद ओलांडून गायिली गेली.

तात्पर्य, संघटनेची परिभाषा भाषांतराने सिद्ध झाली. सर्व वयांच्या सहशिक्षणाची रीत मात्र लोकपरंपरेतून घ्यावी लागली. धर्मभाषेच्या अभ्यासकाने या दोहोंचा विचार एकत्र केला पाहिजे.